इंदुताईंचा उशीर

प्रिय बुद्धरत्न,

"ताई, आवाज कुठून येतोय हे कळलं नाही, तर ते नुसतं कानावर पडणं झालं," असं तू इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला म्हणाला होतास. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ते वाक्य स्वतःचं म्हणून खपवायचे, इतकं मला तुझं कौतुक होतं.

परवा तुझ्या चाकणच्या कंपनीत तू आईला आणि मला, तुझी आवाजाची प्रणाली असलेल्या त्या नव्या गाडीत बसवलंस. आई पुढे, मी मागे, तुझे साहेब काचेबाहेर हाताची घडी घालून उभे. आकुर्डीच्या विहारात तू दोन माइक लावून रेकॉर्ड केलेलं आईचं भीमगीत लागलं. खोटं कशाला बोलू, आई समोरच्या काचेपाशी बसून गातेय असंच वाटलं. ढोलकी उजव्या दाराशी, टाळ्या माझ्या मानेमागे. इतकं स्वच्छ, की विहाराच्या पत्र्याचा घुमारासुद्धा नाही. तुला हवी तशी मी मान डोलावली. आईने डोलावली नाही. ती डावीकडे वळून म्हणाली, "इंदू कुठं गेली?"

तू हसलास. आधी साहेबांना इंग्रजीत आणि मग आम्हाला, पोरांना समजावतात तसं, सांगितलंस. भिंतीवर आपटून मागून येणारा आवाज गाणं गढूळ करतो, तो तुझी प्रणाली ओळखते आणि काढून टाकते. वा रे प्रणाली! आईच्या डाव्या हाताला बसून गाणाऱ्या आपल्या शेजारच्या इंदुताईंना वाचता यायचं नाही. आईच्या ओठांवरून शब्द उचलून त्या अर्धा श्वास मागून गायच्या. तेच शब्द, तीच चाल, जरा उशिरा. तुझ्या यंत्राने जित्याजागत्या बाईला भिंत समजून पुसलं. यंत्राला काय बोलणार, त्याला त्यांनी भरवलं नव्हतं. आई दुसऱ्या शिफ्टला असायची तेव्हा त्यांच्या मांडीवर बसून वरणभात खाणारा तू, महिनोन्‌महिने तेच गाणं ऐकत राहिलास आणि तुला काही कमी वाटलं नाही. वर म्हणालास, "आई, ऐकणाऱ्याला एकच आवाज लागतो." रावेतच्या फ्लॅटच्या गृहप्रवेशालाही त्यांना बोलावलं नाहीस, जागा कमी पडेल म्हणून. तीन बेडरूममध्ये. तुझी साफसफाई जुनीच आहे, गाडी तेवढी नवी.

इंदुताई चऱ्होलीत लेकीकडे, दिपालीकडे, अंथरुणाला खिळल्यात. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, म्हणजे काय ते समज. आईने काल त्यांना फोनवर सांगून टाकलं, की आपलं गाणं आपल्या बुद्धाने गाडीत लावलंय, तुझा आवाज तर फार गोड येतो. तेव्हापासून त्या दिपालीला विचारताहेत, पोरगा ऐकवायला कधी येतोय. आईचं हे खोटं खरं करणं तुझ्याच हातात आहे, कारण मूळ रेकॉर्डिंग तुझ्याकडेच आहे. तू शिपायाच्या हाती पेनड्राइव्ह पाठवशील, तोही साफ केलेला, हे मी धरून चालले आहे. तरी मागते. काहीही न पुसलेलं ते गाणं घेऊन रविवारी चऱ्होलीला ये, आणि ते संपेपर्यंत त्यांच्या उशाशी बस.

अजूनही तुझीच,
अंजूताई