जिथे घोरला, तिथे काट

४ मे

कॉलेजचा निबंध! अर्ज, गुणपत्रिका, फोटो, एवढ्यावर भागत नाही त्यांचं. 'तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे?' — दोन पानं, स्वतःच्या शब्दांत. इंजिनिअरिंगच्या यंत्रशाखेच्या जागा मूठभर, आणि गुण सारखे पडले की निबंधावर निकाल. माझ्याएवढे गुण तर कितीतरी जणांना असणार. म्हणजे सगळं या दोन पानांवर.

स्वतःचे शब्द म्हणजे नक्की कुठले? आजवर वापरले ते सगळे बाईंचे, नाहीतर गाइडातले.

५ मे

लिहिला, एका बैठकीत! 'विज्ञान ही मानवाच्या प्रगतीची जननी आहे' अशी सुरुवात. शाळेतल्या बाईंना नेऊन दाखवला. "भारदस्त झालाय," म्हणाल्या. मी जमिनीपासून दोन बोटं वरूनच चालत घरी आले.

ऐकवायला घरात हक्काचा माणूस आहे. दादा. एरवी दिवसभर उंच इमारतींत लोंबकळून लिफ्ट दुरुस्त करतो, आणि पडला कुठून, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून. बल्ब बदलताना! पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे पळून जायची सोय नाही. पलंगाशी उभी राहून वाचायला लागले. तिसऱ्या वाक्याला घोरायला लागला.

आई आतून म्हणते, "हळू वाच गं, झोपलाय तो."

७ मे

दोन दिवस अबोला धरला. मग स्वतःच मोठ्याने वाचून पाहिलं, आणि तिसऱ्या वाक्याला मलाच जांभई आली. तेव्हा ठरवलं — रोज दादाला वाचून दाखवायचं. जिथे त्याचा डोळा लागेल, तिथे पेन्सिलीने काट. प्रगतीची जननी पहिल्या फटक्यात गेली.

१० मे

आज विज्ञान प्रदर्शनातल्या बक्षिसाबद्दल लिहिलं होतं. बक्षीस मिळायच्या आतच घोरला.

"झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

"मग सांग, काय होतं?"

दादाने बराच विचार केला. "विज्ञान."

१२ मे

आज दादा अर्ध्या पानात खलास. काटून काटून उरलंय काय, तर माझं नाव आणि तारीख.

१४ मे

आज मात्र माझा तोल गेला. शेवटची तारीख तोंडावर आलीय आणि हा उशीत तोंड खुपसून पडलाय. "एवढं कळतं तर तूच लिही ना!" म्हटलं.

"मला शिक्षण मानवत नाही गं," म्हणाला. नेहमीचंच. बाबा गेले तेव्हा तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. महिन्याभरात लिफ्टच्या कामाला लागला आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. पण बोलतो असा, जसं काही दूध पचत नाही. हसतोही वर. मला ते हसू कधीच आवडलं नाही, पण आजवर बोलले नाही.

मग म्हणाला, "कागद ठेव बाजूला. मला सांग, तुला का शिकायचंय?"

आणि माझ्या तोंडून एकदम तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बाहेर पडल्या.

१५ मे

सकाळी बसले ती जेवायलाच उठले. एकही भारदस्त शब्द नाही!

मी तिसरीत होते. आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली, आत काकू. दादा कामावर नवा, तो वर जाऊन खटपट करत होता. मला म्हणाला, "दाराशी बस, त्यांच्याशी बोलत राहा." मी बसले. काकूंनी आतून विचारलं, "बाळा, दोर तुटणार नाही ना?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

काकूंनी आत भोकाड पसरलं. वरून दादा ओरडला, "दुसरं काहीतरी बोल!" मग मी त्यांना दोनचा पाढा म्हणून दाखवला.

नंतर दादाने मला दाखवलं — दोर एकटा नसतो, पाच-सहा असतात, आणि त्यातला एकेक एकट्याने सगळा भार पेलू शकतो. हे आधी माहीत असतं तर काकू रडल्या नसत्या. शेवटी लिहिलं, पुन्हा कुणी बंद दारामागून मला विचारलं, तर माझ्याकडे उत्तर हवं. म्हणून शिकायचंय.

१६ मे

जागा राहिला! पार शेवटपर्यंत! पाढ्याशी तर प्लास्टरचा पाय धरून हसला. वाचून झालं. छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाठव."

दुपारी पाठवला.

१८ मे

आई सहज बोलून गेली — "त्या दुखण्याच्या गोळ्यांनी पेंगतोच तो. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं."

म्हणजे? गोळ्यांनी माझा निबंध तपासला? प्रदर्शन, बक्षीस, बाईंनी वाखाणलेली वाक्यं, सगळं मी एका गोळीपायी कापून टाकलं? रडूच फुटलं. "परवा जागा होता तो. परवा गोळी घेतली नव्हती का?"

"घेतली की. मीच दिली. म्हटलं, आता झोप. तर म्हणतो, थांब, ती वाचतेय."

मग आणखी रडले. पण वेगळं.

९ जून

मिळाली! जागा मिळाली! कॉलेजात लावलेल्या यादीत नाव तीनदा बोट ठेवून वाचलं. निबंध तपासणारे प्राध्यापक तिथेच होते, मला थांबवून विचारतात, "त्या काकू आता लिफ्टने जातात का?" म्हटलं, नाही, अजून जिन्यानेच. खो खो हसले. संध्याकाळी काकू स्वतः पेढेवाल्याच्या ऐटीत मिठाई घेऊन जिना चढून आल्या — "माझं नाव नाही ना घातलंस?" नाही घातलं. पण आता सगळं कॉलेज त्यांना ओळखणार!

आई सगळ्यांना सांगत सुटलीय. दादा तेवढा माझं कॉलेजचं माहितीपत्रक उलटसुलट करून बघत होता.

१२ जून

प्लास्टर निघालं. दादा कुबडी टेकत माझ्या खोलीत आला, मला पलंगावर बसवलं आणि खिशातून घड्या घातलेला कागद काढला. संध्याकाळच्या कॉलेजचा निबंध, त्याच्या स्वतःच्या अर्जासाठी. "काकूंचीच गोष्ट आहे," म्हणाला. "फक्त वरून. ऐक. झोप आली तर झोप."

दुसऱ्याच वाक्यात 'प्रगती' आली. मी घोरले.