दादा सुटून आला

आप्पा, दादा सुटून आलाय. नवागामच्या याच खोलीत, तुम्ही बसायचात त्या खिडकीपाशी बसतो. केस पिकलेत, बोलणं मात्र तसंच गोड.

तुम्हाला भेटीचा तो दिवस आठवतो का? लूमच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या वॉचमनला त्यानं मोबाइलसाठी मारून टाकलं, त्यानंतर आपण पहिल्यांदा तुरुंगात गेलो होतो. तुम्ही जाळीला धरून रडत होतात. दादा म्हणाला, "तो डोकरा तसाबी मरनारच व्हता. इथं भाजीत मीठ नसतं, तेवढं सांगा कुणाला." घरी येऊन तुम्ही ओट्याला टेकून कितीतरी वेळ उभे होतात. मग म्हणालात, "त्याले काहीच वाटत नही, बेटा." पुन्हा त्याला भेटायला गेला नाहीत, आणि वर्षभरात तुम्हीच गेलात.

तो सुटला त्या दिवशी तुरुंगातल्या समुपदेशक बाईंनी मला बाजूला घेतलं. दारू, जुने सोबती, रिकामा वेळ यांपासून लांब ठेवा, माझ्याकडे येणं चुकवू देऊ नका, म्हणाल्या. "आणि तो काय बोलतो त्यावर जाऊ नका. काय करतो ते बघा."

मी बघतेय. सचिन गावातल्या मिलमध्ये लावून दिलेलं काम त्यानं आठवड्यात सोडलं. सुपरवायझर मूर्ख आहे म्हणे. बाईंकडे जाणं बंद झालं. संध्याकाळी नाक्यावर तेच जुने सोबती बाइक लावून उभे असतात, आणि परत येतो तेव्हा तोंडाला वास असतो. शेजारी एकट्या राहणाऱ्या मावशींचं सिलिंडर मात्र तो उचलून देतो, औषधं आणतो, त्यांचा मुलगा कधी येतो ते विचारतो.

काल मी मावशींना सगळं सांगितलं. "अगं, माणूस बदलतो की," त्या हसल्या. तरी आज सकाळी हट्टानं त्यांना चलथाणला मुलाकडे सोडून आले. वाटेत बाईंना फोन केला. उद्या येते म्हणाल्या.

परतले तर दादा चहा करत होता.

"मावशी दिसत नाहीत?"

"गावी गेल्या."

त्यानं कप माझ्यापुढे ठेवला. "बरं. तू तर इथंच आहेस ना."

तो अंघोळीला गेलाय, तेवढ्यात हे लिहितेय. माझ्या पर्सपासून उशीपर्यंत सगळं तो उचकतो, म्हणून लगेच फाडून टाकीन. जाताना तुम्ही म्हणाला होतात, त्याला सांभाळ. आप्पा, मी रोज देवापुढे बसते ती, तो पुन्हा आत जावा म्हणून.