एकच हात

रविवार, १२ जानेवारी

आज ज्येष्ठांच्या शर्यतीत मी पंच होते आणि फिलोमिनाला बाद केलं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात. तिचा एकच लागला. भुईगावच्या तळ्यात, बावखलात, पोहायला शिकलो आम्ही, तिथे काठाचा दगड एका हातानेच धरायचा. पण मी बदलली ना सवय!

"काय गं, पदक तुझ्या घरचं होतं?" सगळ्यांसमोर म्हणाली.

नियम मी केला? एकच हात. तोही मीच पाहिला; दुसरा पंच मोबाइलमध्ये डोकं घालून. गप्प बसले असते तर? छे. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी ते शिकवलं नाही.

सहाला रोज चहाला येते फिलोमिना. आठ वाजले.

माझंच बरोबर होतं. पण हे सांगू कुणाला? असलं सगळं मी तिलाच सांगते.