पान एकशे बारावरचा दाणा

फैजपूर, १८ जानेवारी

तीर्थरूप नानांना,
हेमांगीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? धुळ्यात थंडी फार असेल, सकाळी फिरायला जाताना कानटोपी घालत जा. नाही घातली तरी मला कळेलच (आपल्या घरात सगळ्यांना सगळ्यांचं कळतं, त्याच दुखण्याबद्दल हे पत्र आहे).

पुण्याच्या डिझाइन कॉलेजात माझा नंबर लागला, त्याचे पेढे पप्पांनी तुम्हालाही पाठवले होते. बारावीची परीक्षा अजून व्हायची आहे, हे वाटण्याच्या घाईत ते विसरले. कॉलेजच्या पत्रात अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलंय, की बारावीला साठ टक्के पडले तरच प्रवेश पक्का. ती ओळ घरात कुणी वाचली नाही अशी माझी समजूत होती. आता मला आईचा, म्हणजे तुमच्या रूपाचा, दाट संशय आहे. कारण त्या दिवसापासून ती मला अभ्यास कर म्हणत नाही. जी बाई पहिलीपासून रोज म्हणत आली ती एकदम गप्प होते, न मागता शेवभाजी करते, म्हणजे नक्की पाळत ठेवते.

आणि पुरावा सापडला. फिजिक्सच्या पुस्तकात पान एकशे बारावर तुरीचा एक दाणा होता. आधी मी उंदरावर संशय घेतला, पण उंदीर दाणा पानाच्या बरोबर मधोमध ठेवणार नाही. मग आठवलं, लोणचं कोण चोरून खातं हे कळावं म्हणून आई बरणीच्या झाकणावर असाच दाणा ठेवते. पुस्तक उघडलं तर दाणा हलणार, नाही उघडलं तर जागच्या जागी. पोटच्या पोरीवर एवढा अविश्वास (तिला ही युक्ती कुणी शिकवली कोण जाणे). मग मीही रोज तो दाणा आठ पानं पुढे सरकवू लागले. सोळा दिवसांत दाणा पान दोनशे चाळीसवर पोचला. मी एकशे बारावरच आहे.

एकदा तिला सरळच विचारलं, पुस्तकात दाणे कसे येतात? तर म्हणाली, "माले बठ्ठं समजस," आणि भाकरी थापायला गेली. तिला सगळं समजतं, मला मात्र काही समजलं नाही, आणि त्या दिवसापासून भाकरीसुद्धा मी उलटून बघते.

बाकी माझा अभ्यास उत्तम चालू आहे. काळजी नसावी.

तुमची,
हेमांगी

ता. क. नाना, उत्तम चालू नाही. नंबर लागल्यापासून पुस्तक उघडलं की झोप येते. पूर्वी भीतीनं अभ्यास व्हायचा, ती भीतीच पेढ्यांबरोबर गेली. सराव परीक्षेत फिजिक्सला सत्तरपैकी एकोणीस पडले, घरी दाखवले नाहीत. आता पुणं हातचं जाईल असं वाटतं आणि रडू येतं. परीक्षेपर्यंत मला तिथे ठेवून घ्या आणि शिकवा. आईला फोन करून सांगा, की गुडघा फार दुखतोय, हेमांगीला पाठव.

ता. क. २. हे पत्र भाईदासकाकांबरोबर वांग्यांच्या पिशवीत येतंय आणि पिशवी आई भरते आहे. म्हणून घडीत तुरीचा एक दाणा ठेवलाय. तो सापडला नाही तर समजा, पत्र वाचलं गेलं.

नाना, मी रूपा. दाणा होता तसा परत ठेवला आहे. गुडघ्याचं नाटक नको, मंगळवारच्या बसनं पोरीला पाठवते. पण तिच्या पुस्तकात दाणा ठेवू नका, समोर बसून तिच्याकडून वाचून घ्या. तुम्ही माझ्या पुस्तकात ठेवायचात तो दाणा मीही रोज पुढे सरकवायचे. माझी बारावी तिथेच राहिली.