बाहेर चपला नसल्या की

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली. दाजींच्या ओळखीनं का होईना, लागली. दाजी तिथंच गाडीवर ड्रायव्हर आहेत. डबा देताना ताईनं बजावलं की आता तरी चेहऱ्यावर बारा वाजवून फिरू नकोस.
शीतगृह मोठं आहे. पाटीवर ‘शि’ ऱ्हस्व काढलाय. पहिलाच दिवस म्हणून मी काही बोललो नाही. आत मासळी आणि मटार गोठवून ठेवतात. माझं काम दाराचं. हमाल आत जाताना आपल्या चपला दाराबाहेर काढतात आणि कंपनीचे गरम अस्तराचे बूट घालतात. बाहेर चपला उरल्या नाहीत की आत कोणी नाही असं समजायचं, दार लोटायचं, कडी घालायची. हजेरी नाही, हाका नाहीत. मुकादम म्हणाले की हे काम झोपेतही जमेल, पण झोपू नकोस. सगळे हसले. मीही हसलो.

७ तारीख, शुक्रवार
माणसं चांगली आहेत. सगळ्यांत म्हाताऱ्या हमालाला सगळे मामा म्हणतात. कडी घातल्यावर मी ती पुन्हा ओढून बघतो, म्हणून मामांनी माझं नाव ‘तिजोरी’ ठेवलंय.
दाराच्या आतल्या बाजूला लाल बटण आहे. कोणी अडकलं तर त्यानं ते दाबायचं, बाहेर घंटा वाजते. मी दाबून पाहिलं. वाजली नाही. मामा म्हणाले, कोणीतरी सारखं वाजवायचं, म्हणून वायर तोडून टाकली. कोण वाजवायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

१२ तारीख, बुधवार
बूट कमी पडतात. एक उंच हमाल नवीन आलाय, त्याला मिळालेच नाहीत. मागायला गेला तर मुकादम म्हणाले, पाय गोठले तर सांग, चुलीत घालू. तो स्वतःच्या चपला घालूनच आत गेला.
संध्याकाळी मी पाहिलं, बाहेर चपला नव्हत्या. कडी घातली. घरी जेवायला बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या चपला बाहेर असतीलच कशा? त्या तर त्याच्या पायात.
तसाच उष्ट्या हातानं धावलो. रखवालदारानं फाटक उघडलं नाही. मुकादमांचं घर गाठलं. ते दारातूनच म्हणाले, तो गेला, मी डोळ्यांनी पाहिला, उगाच भलतंसलतं बोलू नकोस.

१३ तारीख, गुरुवार
दार उघडल्याबरोबर पहिला मी आत शिरलो. प्रत्येक मांडणीच्या मागं पाहिलं. कोणी नाही. उंच हमाल कामावर आला नाही. मुकादम म्हणाले, झेपलं नाही, पळाला. जिवात जीव आला.
दुपारी दार लावलं, कडी घातली. आतून टकटक झाली.
उघडलं. कोणी नाही.

१७ तारीख, सोमवार
उंच हमालाची बायको फाटकाशी आली होती. विचारत होती, कामावरच मुक्काम आहे का त्यांचा, घरी नाही आले. मुकादम म्हणाले, असा माणूस इथं कधी नव्हताच. हजेरीच मांडत नाहीत, मग नाकारायला काय लागतं? बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

१९ तारीख, बुधवार
कामगार कार्यालयात गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आतून उघडणारं दार, चालू घंटा, सगळ्यांना बूट हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी हात पसरावे लागू नयेत. हक्क हा शब्द घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होतो.

२१ तारीख, शुक्रवार
साहेब येऊन गेले. त्यांना पुढची खोली दाखवली. तिथं घंटा वाजते, सगळ्यांच्या पायात बूट होते. मागच्या आमच्या खोलीकडे ते आलेच नाहीत. साहेबांनी माझं नाव घेतलं नसेल, पण मुकादम माझ्याकडे बघून —
दाजींना गाडीच्या कामावरून काढलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. ताई म्हणते, जा, मुकादमांचे पाय धर.

२४ तारीख, सोमवार
टकटक. एकाची नाही. दारावर खाली, वर, मध्ये —
मामांना हाताला धरून आणलं. त्यांनी कान लावला. म्हणाले, तिजोरी, हे आम्हा सगळ्यांनाच ऐकू येतं. आणि पाणी प्यायला निघून गेले.

२५ तारीख, मंगळवार
दाराचं काम दुसऱ्याला दिलं. मला आत पाठवलं. दार लोटताना दिसलं तसा धावलो, हात वर केला, ओरडलो की मी आहे. मुकादमांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मागच्याला सांगितलं, आत कोणी नाही, लाव.

त्याच दिवशी. आत.
अंधार. वही खिशात होती, पण अक्षर दिसत नाही. बोटं —
शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. मग आणखी. ओरडत नाहीत. सरकून मला जागा देतात. डोक्याच्या वरून कोणीतरी विचारलं, सुट्टी झाली का. अगदी हळू. मुकादमांना राग येऊ नये असं. मग खालून विचारलं. मग मागून.
मी म्हटलं, नाही झाली. आपण करू. एकेकट्यानं दार वाजवू नका, सगळ्यांनी मिळून, एकदम —