श्रीपादकडे दिलेले बाड

॥ श्री ॥

स्नेहलतागंज, इंदूर
१२ जानेवारी १९५३

चि. श्रीपादास,
सुलोचनाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

गाठोडे पाहून घाबरू नकोस. यंदा लोणचे नाही, कादंबरी आहे. शाळेच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात सहा वर्षे लिहिली. मिलच्या बायकांना अक्षरे शिकवणाऱ्या मंजिरी नावाच्या विधवेची गोष्ट आहे. इंदुरात मराठी कादंबरी छापणारा मी कुठून आणू? तू छापखान्यात मुद्रिते तपासतोस, प्रकाशकांकडे तुझी ये-जा असते, म्हणून मावसबहिणीचा हा जुलूम. हे म्हणतात, श्रीपादची नाहक परेशानी. पण वैसे बघ, पुण्यात मला दुसरे आहे कोण? आधी तू वाच, मग त्यांना दाखव. पक्की प्रत एवढी एकच आहे.

रमाला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुलोचनाताई

*

शनिवार पेठ, पुणे
२ ऑगस्ट १९५३

ती. सुलोचनाताईस,
श्रीपादचा सा. नमस्कार, वि. वि.

उशीर झाला, पण कळवण्यासारखे काही नव्हते. पहिल्या प्रकाशकांनी बाड चार महिने ठेवले आणि सुतळीची गाठसुद्धा न सोडता परत केले. दुसऱ्यांनी निदान वाचले. म्हणाले, ही माणसे 'करून राहिली', 'येऊन राहिली' असे बोलतात, हे मराठी नव्हे. बाईंनी भाषा सुधारून द्यावी. तिसरे भेटतच नाहीत. छापखाना सुटला की त्यांच्या जिन्यात उभा राहतो, पायांत गोळे येतात. गजाननराव म्हणतात तेच खरे, नाहक परेशानी, असे एखाद्या संध्याकाळी वाटते. तेवढी भाषा बदलून टाक ना, ताई. तूही सुटशील, मीही.

रमा नमस्कार सांगते. कंटाळ्याचे पत्र म्हणून मनावर घेऊ नये.

तुझा,
श्रीपाद

*

इंदूर
१० ऑगस्ट १९५३

चि. श्रीपादास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझ्याकडच्या कच्च्या पानांवर बदलून पाहिले. चाळीस पाने झाली आणि मंजिरी रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलू लागली. सियागंजात डाळ घ्यायला उभी राहिलेली बाई अशी बोलते का रे? सगळे खोडले. आता पुन्हा हात लावायला मन करत नाही. वर्गात साठ मुली, घरी सासूबाईंची तबियत. कोणी इकडे येणारे असेल तर बाड त्याच्याबरोबर पाठवून दे आणि तूही मोकळा हो.

एकच लिहिते. तुला स्वतःला कशी वाटली, हे सात महिन्यांत तू एका ओळीने कळवले नाहीस. मी विचारणार नाही. त्या एका प्रकरणाचा तुला राग आला असेल, तर तो रास्तच आहे.

रागातही आठवण ठेव.

तुझी,
सुलोचनाताई

*

पुणे
२१ फेब्रुवारी १९५४

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझ्या पत्राला सहा महिने उत्तर दिले नाही, कारण राग कसला ते मला कळलेच नव्हते. खरे सांगतो, मी बाड वाचलेच नव्हते. दिवसभर लोकांची अक्षरे तपासून घरी आल्यावर कागद बघवत नसे. पहिली बारा पाने वाचून मी दारोदार तुझी शिफारस करत होतो.

गेल्या महिन्यात कावीळ झाली, पडून राहिलो, तेव्हा वाचले. मंजिरीचा सासरा. संस्थान गेले, कचेरी गेली, तरी रोज दहाला पगडी घालून ओट्यावर निघायच्या तयारीत बसणारा. आणि आज सुटी आहे, असे सांगून त्याला आत जेवायला नेणारी मंजिरी. ताई, ते आबा आहेत. माझे वडील. मी दर महिन्याला इंदूरला पत्र टाकत होतो आणि ते सर्व क्षेम लिहीत होते. शेवटची दोन वर्षे त्यांना रोज आत कोण नेत होते, हे मला तुझ्या कादंबरीतून कळावे!

उठून चालता येऊ लागल्यावर तिसऱ्यांच्या जिन्यात थांबलो नाही, थेट आत गेलो. म्हटले, हे एवढे प्रकरण माझ्यासमोर वाचा आणि मग घालवून द्या. त्यांनी वाचले. एकही शब्द न बदलता छापतो म्हणाले.

क्षमा कशी मागावी ते सुचत नाही.

श्रीपाद

*

इंदूर
१ मार्च १९५४

चि. श्रीपादास,
अनेक आशीर्वाद.

पत्र शाळेत मिळाले. आनंदाने काही करायला हवे होते, पण घरी येऊन नुसती झोपले. ह्यांनी उठवले नाही.

मला वाटत होते, तू वाचले आहेस आणि राग गिळून माझ्यासाठी हिंडून राहिला आहेस. म्हणून लाजेने गप्प होते. आबांनी मला शपथ घातली होती. श्रीपादची नोकरी नवी आहे, त्याला कळवलेस तर तो सगळे टाकून धावत येईल, म्हणाले. त्यांच्यामागे मला तोंडाने सांगवले नाही, तेव्हा लिहिले. पण त्यांच्यावर हक्क आधी तुझा आहे. तू म्हणशील तर ते प्रकरण काढते. त्यापायी पुस्तक राहिले तरी चालेल.

तू म्हणशील तसे.

सुलोचनाताई

*

पुणे
१८ जून १९५४

ती. ताईस,
सा. नमस्कार, वि. वि.

प्रकरण आहे तिथेच राहील. त्याची मुद्रिते आज आली, ती मी दुसऱ्या कोणाला देऊ दिली नाहीत.

एक शंका आहे. म्हाताऱ्याला एका कानाने ऐकू येत नाही, असे तू लिहिले आहेस. एकशे एकेचाळिसाव्या पानावर तो डावा कान आहे, एकशे साठाव्यावर उजवा. आबांचा खरा कोणता? तपासणाऱ्याला हे माहीत असायला हवे होते. मी बराच वेळ आठवून पाहिले. मला माहीत नाही.

परतीच्या टपालाने कळव. तोवर ती जागा मोकळी ठेवतो.

तुझा,
श्रीपाद