दोन कुलपांचं कपाट

प्रिय डॉक्टर भावजी,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (माझा विचारू नका, तो माझ्यासारखाच कुरकुरतो.) जाऊबाईंचा खोकला थांबला असेल, बोलणं थांबलं नसेलच.

मुख्याध्यापिकाबाईंनी (माझीच विद्यार्थिनी, तेव्हाही डोक्याने बेताची) मुलांची औषधं सांभाळायला मला निवृत्तीतून परत बोलावलं आणि मी अक्कल गहाण ठेवून गेले. भावजी, आया औषधं कशी पाठवतात म्हणून सांगू! कागदाच्या पुडीत गोळ्या, ना नाव ना गाव, वर निरोप, ‘पांढरी जेवणानंतर.’ सगळ्या पुड्या उघडल्या, सगळ्यांत पांढऱ्याच. मी एकही गोळी दिली नाही, आयांनाच शाळेत बोलावून घेतलं. तेव्हापासून त्यांच्यात मी ‘फौजदारीण’ आहे.

यावर बाईंचा इलाज ऐका. औषधांच्या काचेच्या कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी खेळाच्या सरांकडे. जणू आत खोकल्याचं औषध नसून राणीचे दागिने! चौथीतल्या एका बडबड्या पोरीचा दम्याचा पंपही दप्तरातून काढून त्यातच कोंबला. मी घसा फोडून सांगितलं, हा तिच्याजवळच हवा. तर मुख्याध्यापिकाबाई मलाच म्हणतात, ‘बाई, नियम सगळ्यांना सारखा!’

काल मैदानावर पोरीला धाप लागली. सर संघ घेऊन परगावी, किल्ली त्यांच्या खिशात. त्या पोरीची बडबड थांबली. शेवटी शाळेची पितळी घंटा उचलून कपाटाची काच फोडली. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला दारसुद्धा आवाज न करता लावायला शिकवलं होतं.) पंप दिला. जरा श्वास सावरल्यावर कार्टी विचारते, ‘आजी, घंटा वाजली, शाळा सुटली का?’ मग तिला दवाखान्यात नेऊन आणलं.

आणि आमच्या बाई? काचांकडे बघून म्हणाल्या, ‘आता इथे पत्रा बसवायला हवा.’

मी हरले, भावजी. राजीनामा लिहून ठेवलाय. त्या शाळेचं तोंड पुन्हा बघणार नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र मिळताच शाळेत या आणि पंप पोरीच्याच खिशात राहील असं बाईंकडून कबूल करून घ्या. माझं बोलणं त्यांना म्हातारीची कटकट वाटते. पांढरा कोट घाला, गळ्यात ती नळीही अडकवा. बाई कोटाला घाबरतात.

आणखी एक. तोवर पंप माझ्या पर्समध्ये आहे (नियमबाह्य) आणि पोरगी जिथे खेळेल तिथे कडेला खुर्ची टाकून मी बसते. त्यामुळे राजीनामा द्यायला सवड झालेली नाही.